आधी कीर्द, मग खतावणी

जुन्या पेढीवर व्यवहार झाला की दिवाणजी तो आधी कीर्दीत टिपायचे. खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर तो नंतर सवडीने चढायचा. पोस्टग्रेसक्यूएलसारखा डेटाबेस आजही हेच करतो. त्याच्या कीर्दीला राइट-अहेड लॉग, बोलताना नुसतं 'वॉल' म्हणतात. त्याची खतावणी म्हणजे टेबलं. टेबलाची पानं डिस्कभर विखुरलेली असतात, दर नोंदीला ती शोधत बसणं परवडत नाही. म्हणून नोंद आधी वॉलच्या शेपटाला जोडायची, टेबल मागाहून. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना वॉल वाचून राहिलेली खतावणी पुरी होते.

पण 'लिहिलं' म्हणजे नक्की कुठे लिहिलं? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला काही लिहायला दिलं की तो लगेच 'झालं' म्हणतो. प्रत्यक्षात मजकूर रॅममध्येच, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत असतो आणि अर्धा मिनिटही तिथे पडून राहू शकतो. त्याला डिस्कवर ढकलायचा हुकूम म्हणजे 'एफसिंक'. तो परतला की मगच डेटाबेस अ‍ॅपला 'नोंद पक्की' असं कळवतो. हा हुकूम महाग आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एका एफसिंकला साधारण एक फेरा जातो. दर नोंदीला वेगळा एफसिंक केला, तर सेकंदाला साधारण तेवढ्याच नोंदी होणार. म्हणून एकाच वेळी आलेल्या नोंदींचा गठ्ठा करून एकदाच एफसिंक करतात. कुणी एफसिंकची वाटच न पाहण्याचं सेटिंग लावतात. वीज गेली तर शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी जातात. क्लिक मोजायला हे चालेल, पैशांना नाही.

२०१८मध्ये मात्र एफसिंकवरचा विश्वासच डळमळला. डिस्कवर लिहिताना चूक झाली, तर लिनक्स ती एकदा सांगायचा आणि रॅममधली ती पानं 'स्वच्छ', म्हणजे लिहून झालेली, ठरवून मोकळा व्हायचा. पोस्टग्रेस बापडा टेबलाच्या फाइलींवर पुन्हा एफसिंक करी. या वेळी उत्तर 'यशस्वी'! मग आता वॉलचा तो भाग नको, असं समजून तो पुढे जाई. खतावणीत नोंद चढलेली नाही आणि कीर्दीचं पानही गेलं.

२०१९च्या सुरुवातीला आलेला उपाय वरवर अघोरी वाटतो. एफसिंक एकदा जरी फसला, तरी पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करत नाही, स्वतःहून कोसळतो. वॉल अजून शाबूत असते. उठल्यावर तो ती वाचायला बसतो आणि टेबलाची पानं नव्याने लिहितो.