पळणारा दिवा जागचा हलत नाही

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरला झोपतं कोण? कापडगिरण्या कधीच्याच बंद पडल्या, पण हुकुमचंद मिल, मालवा मिल यांच्या नावाच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, अजून निघतात. लहानपणी मला देखाव्यापेक्षा त्याच्याभोवती पळणाऱ्या दिव्यांचंच वेड. एकदा एका झांकीच्या मागे डोकावलो. मोटरवर एक लाकडी लाट, म्हणजे गोल रूळ, गरगर फिरत होती आणि तिच्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. पट्टी ज्या तारेला टेकेल, ती माळ पेटायची. बारीक ठिणग्याही उडायच्या. बस्स, एवढंच. पळत काहीच नव्हतं. शेजारशेजारचे दिवे पाठोपाठ लागले की मधली धाव आपला मेंदूच भरतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने 1912 साली याचा रीतसर अभ्यास मांडला होता.

यंदा घरच्या मखरासाठी भाचीला तसेच दिवे हवे होते. लाटेच्या जागी दोन आयसी, म्हणजे अख्खं सर्किट पोटात असलेल्या चिपा, आणले, 555 आणि 4017. इंदूरच्या महाराणी रोडवर दोन्ही सहज मिळतात.

555 चं काम ठोके देण्याचं. हान्स कॅमेन्झिंडने 1971 मध्ये त्याची रचना केली, त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली तरी तो बाजारातून हटलेला नाही. त्याच्याजवळचा कपॅसिटर म्हणजे नळाखालची बादली. चार पेन्सिल सेलचे 6 व्होल्ट दिले, तर बादली 4 व्होल्टपर्यंत भरते, 555 ते ओळखून ती 2 व्होल्टपर्यंत रिकामी करतो, की पुन्हा भरणं सुरू. प्रत्येक फेरीला एक ठोका. 10 किलोओहमचा रेझिस्टर, 100 किलोओहमचा पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर पॉट पूर्ण ठेवल्यावर सेकंदाला सुमारे 7 ठोके पडतात.

खरी गंमत 4017 मध्ये आहे. पाच मुलं ओळीत उभी करा, सगळ्यांचे हात खाली. टाळी वाजली की प्रत्येकाने डावीकडच्याचा हात जसा होता तसा आपला करायचा. पहिल्याने मात्र पाचव्याच्या बरोबर उलट. पाच टाळ्यांत सगळे हात एकेक करून वर जातात, पुढच्या पाचांत तसेच खाली येतात. दहा टाळ्यांत दहा वेगळी चित्रं, आणि दर टाळीला एकच हात हलतो, त्यामुळे घोटाळा नाही. आयसीत टाळी म्हणजे 555 चा ठोका, आणि मुलांच्या जागी पाच फ्लिप-फ्लॉप, म्हणजे चालू की बंद हे लक्षात ठेवणारे स्विच, असतात. कोणतं चित्र चालू आहे ते ओळखून तो दहांपैकी एकाच पायावर वीज सोडतो.

एका वेळी एकच एलईडी लागत असल्यामुळे दहांना मिळून 470 ओहमचा एकच रेझिस्टर पुरतो. पाय मात्र ओळीने नाहीत! पहिला दिवा 3 नंबरच्या पायावर, दुसरा 2 वर, मग 4, 7, 10, 1, 5, 6, 9, 11. हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा, नाहीतर दिवे पळायच्या ऐवजी बेडकासारखे उड्या मारतात.

मीही फसलोच. सगळं जोडलं, दिवे पळाले, आणि मी हात जवळ नेला की थबकायचे. “मामा, तू लांब बस ना!” भाची म्हणाली. दोष माझ्या हाताचा नव्हता, मी 13 नंबरचा पाय मोकळा सोडला होता. तो बॅटरीच्या ऋण टोकाला जोडला तरच मोजणी चालते. त्यावर व्होल्टेज चढलं की थांबते. या आयसीच्या पायांना वीज इतकी नगण्य लागते, की घरातल्या वायरिंगमधून अंगावर येणारी 50 हर्ट्झची चाहूलही मोकळ्या पायाला पुरते. 15 नंबरच्या पायावर व्होल्टेज आलं तर मोजणी पुन्हा पहिल्यावर जाते, म्हणून 13 आणि 15 दोन्ही ऋणाला जोडले आणि भूत उतरलं.

मग भाचीने पॉट फिरवत फिरवत दुसऱ्या टोकाजवळ नेला. ठोके शंभरीला पोचले, म्हणजे प्रत्येक दिवा सेकंदाला दहादा लागायचा. धाव नाहीशी झाली, अख्खी ओळच फडफडायला लागली. तिला तेच आवडलं.

मखराच्या कमानीत मात्र सहाच भोकं होती. 15 नंबरचा पाय ऋणावरून काढून सातव्या दिव्याच्या, म्हणजे 5 नंबरच्या पायाला जोडला. आता सातवी पाळी आली रे आली की मोजणी पुन्हा पहिल्यावर. उरलेले चार एलईडी भाचीने उंदरासाठी मागून घेतले.