मथिल्डे आणि हॅले : दोन्ही काळेच, मग फरक कशात?

धूमकेतू म्हणजे पांढराशुभ्र बर्फाचा गोळा आणि लघुग्रह म्हणजे काळा दगड, अशी वाटणी आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. पण मार्च १९८६ मध्ये ‘जोत्तो’ यान हॅलेच्या धूमकेतूजवळ पोचलं, तेव्हा त्याचं केंद्रक, म्हणजे मधला घट्ट गोळा, काळंकुट्ट निघालं. अंगावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के ते परत फेकतं. लखलखते ती त्यातून बाहेर पडलेली धूळ आणि वायू.

मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला २५३ मथिल्डे हा कार्बनयुक्त लघुग्रहही जवळपास तेवढाच काळा. योहान पालिसा यांनी तो १८८५ मध्ये व्हिएन्नाहून शोधला आणि जून १९९७ मध्ये ‘निअर’ यानानं सुमारे १,२०० किमीवरून त्याचे फोटो काढले. त्याच्यावरच्या विवरांना जगभरातल्या कोळसा खोऱ्यांची नावं दिली आहेत. त्यात आपलं दामोदरही आहे! नावं ठेवणाऱ्यांना दाद द्यायला हवी.

म्हणजे रंगावरून ओळख पटत नाही. वजनावरूनही फसायला होतं. मथिल्डेचा सरासरी व्यास ५३ किमी, पण घनता पाण्याच्या फक्त १.३ पट. इतका हलका म्हणजे आत बर्फ असणार, असं कुणालाही वाटेल. मात्र शास्त्रज्ञांचा कल वेगळ्या उत्तराकडे आहे : आत पोकळ्याच पोकळ्या, एकूण आकारमानाच्या निम्म्याच्या आसपास.

खरा फरक कक्षेत आणि वागण्यात. मथिल्डे सव्वाचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो आणि पट्ट्यातच राहतो. हॅलेला सुमारे ७६ वर्षं लागतात. तो नेपच्यूनच्याही पलीकडे जाऊन परततो. सूर्याजवळ आला की त्याच्यातल्या बर्फाची वाफ होते आणि शेपटी फुटते. मथिल्डे ढिम्म.

अर्थात ही कसोटीही सगळीकडे चालत नाही. १९७९ मध्ये पट्ट्यात लघुग्रह म्हणून दिसलेल्या एल्स्ट-पिझारोला १९९६ मध्ये चक्क शेपटी आढळली. आता तो लघुग्रह क्र. ७९६८ आहे आणि १३३वा नियतकालिक (ठरावीक काळानं परतणारा) धूमकेतूही! पट्ट्यातल्याच रीड धूमकेतूभोवती जेम्स वेब दुर्बिणीला पाण्याची वाफ सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. पण धूमकेतूंमध्ये एरवी सहज सापडणारा कार्बन डायऑक्साइड तिथं दिसलाच नाही.