व्हास्कोन्सेलुश, जोआना

(८ नोव्हेंबर १९७१ – ). पोर्तुगीज दृश्यकलावंत, मुख्यतः मांडणशिल्पांसाठी प्रसिद्ध. जन्म पॅरिसमध्ये, पोर्तुगीज आईवडिलांच्या पोटी. १९७४ च्या क्रांतीने पोर्तुगालमधील हुकूमशाही संपली आणि हे कुटुंब मायदेशी परतले. शिक्षण व पुढचे सारे काम लिस्बनमध्ये.

घरात बायकांच्या हाताखालून जाणाऱ्या वस्तू त्या अवाढव्य आकारात उभ्या करतात. ‘स्वतंत्र हृदय’ हे शिल्प दुरून पाहिले तर उत्तर पोर्तुगालमधल्या व्हियाना येथील तारकामाच्या सोन्याच्या पदकासारखे दिसते. जवळ गेल्यावर कळते, की ते प्लॅस्टिकच्या काट्या-चमच्यांचे आहे. ते संथपणे फिरत राहते आणि सोबत गायिका आमालिया रॉद्रिगिशच्या आवाजातले फादू, म्हणजे पोर्तुगालचे विरहगीत, ऐकू येते.

‘वधू’ (२००१–०५) हे सुमारे सहा मीटर उंचीचे पांढरेशुभ्र झुंबर. त्यातला प्रत्येक लोलक म्हणजे मासिक पाळीत वापरायचा टॅम्पॉन. २००५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, ते झळकले आणि त्यांचे नाव जगभर झाले. २०१२ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात प्रदर्शन भरवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री कलावंत ठरल्या. मात्र ‘वधू’ला तिथे प्रवेश नाकारला गेला. आरसेमहालात मांडलेले, स्टीलची पातेली आणि झाकणे जोडून केलेले उंच टाचांचे बूट मात्र चालले! या नकारामुळे त्या झुंबराचे म्हणणे अधिकच ठळक झाले.

इतर संस्कृतींशी त्यांचे नाते मुख्यतः कापडातून जुळते. नॉर्स पुराणांतील युद्धदेवतांवरून नाव घेतलेली ‘वाल्किरी’ मालिका म्हणजे क्रोशाकाम, भरतकाम आणि देशोदेशीच्या कापडांची छताला टांगलेली प्रचंड शिल्पे. त्यांपैकी ‘ऑक्टोपस’ २०१५ मध्ये मकाव येथे, म्हणजे १९९९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या शहरात उभारले गेले. आझुलेजु, म्हणजे रंगवलेल्या चकचकीत चिनीमातीच्या फरशाही त्यांच्या कामात वारंवार येतात. हा शब्द मूळचा अरबी. पणजीत घरांच्या नामफलकांवर दिसतात त्या याच परंपरेतल्या. २०१३ मध्ये लिस्बनच्या नदीवरच्या जुन्या प्रवासी बोटीला त्यांनी बाहेरून अशा फरशांत मढवले. त्यांवर लिस्बनचे किनारदृश्य निळ्या-पांढऱ्या रंगांत होते. आतून बोट कापडाने भरली होती. ती व्हेनिसला नेऊन त्यांनी त्या वर्षीच्या द्वैवार्षिकीतले पोर्तुगालचे दालन पाण्यावर तरंगत ठेवले.

इंग्लंडमधील वॉडेस्डन येथे २०२३ साली पूर्ण झालेला ‘वेडिंग केक’ हा बारा मीटर उंचीचा, चिनीमातीने मढवलेला मंडप आहे. त्यात शिरून वर चढता येते.