आयर्लंडमधली युरोपियन पार्लमेंटची निवडणूक

युरोपियन युनियनच्या संसदेवर आयर्लंडमधून जे सदस्य जातात (त्यांना सगळे एमईपी म्हणतात) त्यांना निवडायची ही निवडणूक. दर 5 वर्षांनी होते. मागची 7 जून 2024 ला झाली, तेव्हा जागा होत्या 14. संसद सगळ्या युरोपची असली तरी निवडणुका प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने घेतो, वरून मुख्य अट ही की जागा मतांच्या प्रमाणात मिळायला हव्यात. बाकी बहुतेक देशात पक्षाची यादी असते, मत पक्षाला जातं. आयर्लंड आणि माल्टा हे दोनच देश असे की जिथे मतदार उमेदवारांच्या नावापुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे टाकतो. सगळी गंमत त्या आकड्यांतच आहे.

आपल्याकडे ही पद्धत अनोळखी नाही खरं तर. राज्यसभा, विधान परिषद, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ सगळीकडे पसंतीक्रमच असतो. जून 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या राज्यसभेच्या सहाव्या जागेवर धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले आणि संजय पवार राहिले, तेव्हा रात्रभर टीव्हीसमोर बसून कोट्याचं (म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या मतांचं) गणित आपण सगळेच शिकलो होतो. फरक एवढाच की तिथे मतदार होते तीनशेच्याही आत आमदार, आणि आयर्लंडमध्ये एकेका मतदारसंघात लाखो सामान्य माणसं हेच करतात, मतपेटी आणि कागदावर.

इतिहास थोडक्यात. आयर्लंड 1 जानेवारी 1973 ला युरोपियन समुदायात (आजच्या युनियनचं आधीचं रूप) आला, सुरुवातीला आयरिश संसदेनेच आपल्यातले 10 जण पाठवले. थेट निवडणूक पहिल्यांदा जून 1979 मध्ये झाली, 15 जागा, 4 मतदारसंघ. पुढे युनियनमध्ये नवीन देश आले तशा जागा कमी होत गेल्या, 2004 ला 13, मग 12, मग 11, आणि ब्रिटन बाहेर पडायचं ठरल्यावर पुन्हा वाढल्या. 2019 ला तर भलतंच झालं, 13 जण निवडून आले पण ब्रिटन अजून बाहेर पडलेलं नव्हतं त्यामुळे डब्लिन आणि साउथ या मतदारसंघांतून जे सगळ्यात शेवटी निवडून आले ते दोघं जिंकूनही घरी बसले, थेट 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन गेल्यावर त्यांना खुर्ची मिळाली. तिथले लोक त्यांना गमतीने कोल्ड स्टोरेजमधले एमईपी म्हणायचे.

सध्या मतदारसंघ तीनच आहेत, डब्लिन (4), साउथ (5) आणि मिडलँड्स-नॉर्थ-वेस्ट (5). हा तिसरा म्हणजे अजस्र प्रकार आहे, पूर्वेला लाउथचा किनारा आणि पश्चिमेला अटलांटिकवरचे मेयो, डोनेगल, असा देशाच्या आरपार गेलेला. 2024 ला इथे 27 उमेदवार होते आणि मतपत्रिका दोन फुटांपेक्षा लांब झाली. उभं राहणं अवघड नाही, पक्ष नसेल तर 1800 युरो डिपॉझिट भरा नाहीतर 60 मतदारांच्या सह्या आणा.

एवढ्या मोठ्या मतदारसंघात घरोघरी जाणं शक्यच नाही, म्हणून चेहरा ओळखीचा असला की अर्धं काम झालं असं माझं मत. यादी बघा ना. 1999 ला डेना स्कॅलन निवडून आल्या, ही तीच गायिका जिने 1970 ला युरोव्हिजन गाण्याची स्पर्धा जिंकली होती. 2024 ला निवडून आलेल्यांत नीना कार्बरी या घोड्यांच्या शर्यतीतल्या नावाजलेल्या जॉकी, किअरन मलूली टीव्हीचे पत्रकार. साउथमध्ये शॉन केली पहिल्याच फेरीत 1 लाख 22 हजारांवर मतं घेऊन पार, ते आधी गेलिक म्हणजे तिथल्या देशी खेळांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्या देशात ते पद म्हणजे काय हे सांगायचं तर आपल्याकडे क्रिकेट बोर्ड आणि गावची तालीम एकत्र केल्यासारखं. पक्षांचा हिशोब असा लागला, फियाना फॉल 4, फिनेगेल 4, शिन फेन 2, लेबर 1, इंडिपेंडंट आयर्लंड 1, अपक्ष 2.

आता मोजणी, कारण खरी निवडणूक तिथेच कळते. कोटा काढायचा तो वैध मतं भागिले (जागा अधिक एक), आणि आलेल्या आकड्यात एक मिळवायचा. समजा 6 लाख वैध मतं आणि 5 जागा, तर कोटा 1,00,001. जो पार करेल तो निवडून आला, त्याची जादा मतं पुढच्या पसंतीला वाटली जातात, आणि कोणीच पार करत नसेल तर सगळ्यात खालचा बाद, त्याचे कागद पुन्हा उघडून ज्याच्या नावापुढे पुढचा आकडा आहे त्याच्या गठ्ठ्यात. असं वीस-वीस फेऱ्या चालतं, आणि सगळं हाताने! जादा मतं वाटायची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे, आपल्याकडे प्रत्येक कागदाची किंमत कमी करून पुढे पाठवतात, तिथे किंमत तीच ठेवून हिशोबाप्रमाणे तेवढेच अख्खे कागद उचलतात, म्हणजे नेमके कोणते कागद गेले यात थोडा नशिबाचा भाग येतोच.

मतदान शुक्रवारी, पण निकाल रविवारी रात्री 10 च्या आधी जाहीर करता येत नाही कारण तोवर युरोपात दुसरीकडे मतदान चालू असतं. तरी अंदाज आधीच फुटलेला असतो. का, तर टॅलीवाले. पेट्या उघडल्या की पक्षांची माणसं कठड्याला टेकून, माना लांब करून एकेक कागद बघतात आणि वहीत रेघा मारत जातात, विरोधी पक्षांचे लोकसुद्धा आपसात आकडे वाटून घेतात. कुठल्या केंद्रावर कोणाला किती, हे अधिकृत आकड्याच्या कितीतरी आधी त्यांच्याकडे असतं. 2024 ला कासलबार, कॉर्क आणि डब्लिन अशा तीन ठिकाणी मोजणी होती आणि पुढचा आठवडा जवळपास सगळा त्यातच गेला.

2019 ला साउथमध्ये शेवटी शेवटी दोन उमेदवारांत तीनशेच्या आसपास मतांचा फरक राहिला, मागे पडलेल्या लिआ नी रीआडा यांनी पूर्ण फेरमोजणी मागितली, साडेसात लाखांच्या आसपास कागद, 28 दिवस लागतील असा अंदाज निघाला. फेरमोजणी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांनीच ती थांबवायला सांगितली.

मग मशीन का नाही, हा प्रश्न आपल्याला पडणारच. घेतली होती की! सुमारे 7500 मशीन, 5 कोटी युरोंवर खर्च, 2004 च्या युरोपियन निवडणुकीत देशभर वापरायची ठरली होती, पण मत कागदावर उमटत नाही म्हणजे तपासणार कसं यावरून गदारोळ झाला, तपासायला नेमलेल्या आयोगानेही हिरवा कंदील दाखवला नाही, आणि ती कधी देशभर वापरलीच गेली नाहीत. वर्षानुवर्षं गोदामाचं भाडं भरून शेवटी 2012 ला 70 हजार युरोंना भंगारात गेली.

मतदानाचा टक्का बघितला की लोकांना युरोपचं किती पडलंय ते दिसतं. 1989 ला त्याच दिवशी देशाच्या संसदेचीही निवडणूक होती तर 68 टक्के, 1994 ला 44. आता स्थानिक कौन्सिलच्या निवडणुका त्याच दिवशी घेतात, माणूस गल्लीतल्या रस्त्यासाठी आणि नळासाठी येतो आणि आलाच आहे तर ब्रुसेल्सचाही कागद भरतो, तरी 2024 ला निम्म्याच्या आसपासच.

कोण मत देऊ शकतो? आयरिश नागरिक आणि तिथे राहणारे युनियनमधल्या इतर देशांचे नागरिक. डब्लिनमध्ये आयटीत किंवा हॉस्पिटलमध्ये नोकरी करणारे आपले मराठी लोक बरेच आहेत, भारतीय पासपोर्टवर त्यांना कौन्सिलला मत देता येतं पण युरोपला नाही, म्हणजे एकाच केंद्रावर शेजाऱ्याला दोन कागद आणि यांना एक. आणि याच देशाचा पंतप्रधान एप्रिल 2024 पर्यंत लिओ वराडकर होता, ज्याच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड!

एमईपीने मध्येच जागा सोडली तर पोटनिवडणूक होत नाही. उमेदवार आधीच बदली नावांची यादी देऊन ठेवतात. 2020 ला एमईपी मेरेड मॅकगिनेस युरोपियन कमिशनर (युनियनच्या कारभारातलं मंत्र्यासारखं पद) झाल्या आणि त्यांच्या जागी कॉम मार्की गेले, लाउथचे कौन्सिलर, ज्यांचं नाव 2019 च्या मतपत्रिकेवर उमेदवार म्हणून कुठेच नव्हतं.