ठिपका ॲम्स्टरडॅमला का गेला नाही?

परवा भाच्याने लॅपटॉपवर व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्याच गावच्या संगणकामार्गे नेणारी सोय) लावला, सर्व्हर ॲम्स्टरडॅमचा निवडला आणि नकाशा उघडला. ‘ठिकाण कळू द्यायचं का?’ या चौकटीवर सवयीने ‘हो’ दाबलं. ठिपका येऊन बसला बेळगावात, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, आमच्याच गल्लीत. ‘‘व्हीपीएन चालू आहे की मामा! ह्यात जीपीएस पण नाही, मग कळलं कसं?’’

व्हीपीएन बदलतो तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक. तुमची माहिती कुलूपबंद होऊन आधी ॲम्स्टरडॅमला जाते आणि तिथून पुढे, म्हणून संकेतस्थळाला तिथला पत्ता दिसतो. पण आयपीवरून काढलेलं ठिकाण मुळातच ढोबळ. व्हीपीएन बंद असताना आमच्या घरचा पत्ता कित्येकदा बेंगळुरूचा दिसतो, रस्त्याने ५०० किलोमीटर लांबचा! मग गल्लीपर्यंत पोचलं कोण?

वाय-फाय. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण १० वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतो. तिच्यात राउटरचा ४८ बिटांचा क्रमांक असतो आणि ती ऐकायला पासवर्ड लागत नाही. रस्त्याने जाणाऱ्याच्या फोनला जीपीएसमुळे स्वतःची जागा ठाऊक असते, हाळ्याही ऐकू येतात. अशा असंख्य फोनांकडून ‘हा राउटर, ही जागा’ अशा जोड्या गूगल, ॲपल यांच्या साठ्यात जमतात. तुम्ही ‘हो’ दाबलं की ब्राउझर आजूबाजूच्या हाळ्यांची यादी, कोणती किती जोरात येते यासकट, अशा साठ्याकडे पाठवतो.

या जोरातच सगळी करामत आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरींची शक्ती चौथाई होते, म्हणजे ६ डेसिबलने उतरते. त्यावरून अंतर, अंतरावरून राउटरभोवती एक वर्तुळ. तीन राउटरांची वर्तुळं जिथे छेदतात तिथे तुम्ही. जांभ्याची जाड भिंत मध्ये आली तर राउटर आहे त्याहून लांब भासतो, पण हाळ्या दहा-बारा असल्या की एकीची चूक बाकीच्या सावरून घेतात. ही यादी व्हीपीएनमधूनच गेली, सुरक्षित गेली. पाकिटावर शिक्का ॲम्स्टरडॅमचा, आतला मजकूर टिळकवाडीचा!

परवानगी नाकारली तरी खुणा उरतात. ब्राउझर न विचारता कालविभाग सांगतो: आशिया/कोलकाता, अधिक ५:३०. डच पत्ता आणि हे घड्याळ यांचा मेळ बसत नाही. दुसरी खूण वेळेची: निरोप पाठवल्यावर तुमचं उत्तर यायला किती वेळ लागतो, हे संकेतस्थळाला मोजता येतं. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. बेळगाव ते ॲम्स्टरडॅम ७ हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७० मिलिसेकंद. खुद्द ॲम्स्टरडॅममधला संगणक तिथल्या सर्व्हरला काही मिलिसेकंदांतच उत्तर देतो. उत्तर मुद्दाम उशिरा देता येईल, प्रकाशाआधी पोचवता येणार नाही.

म्हणून ‘पूर्ण अदृश्य व्हा’ ही जाहिरात मला ताईत विकणाऱ्यांच्याच पंगतीतली वाटते. बसस्टँडवरच्या फुकट वाय-फायवर व्हीपीएन जरूर वापरावा, तिथे तो खरंच उपयोगी आहे. पण गंडा बांधल्यासारखा त्यावर विसंबू नये.

भाच्याने परवानगी काढून घेतली, तेव्हा ठिपका ॲम्स्टरडॅमला गेला. मग आम्ही राउटरच्या नावाला शेवटी ‘_नोमॅप’ जोडलं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. असं नाव असलेला राउटर गूगल आपल्या साठ्यातून वगळतं. शेजाऱ्यांचे सात राउटर मात्र अजून हाळी देताहेत.