सेन्सरने चालणारी कॉइल: किट जोडायला घेण्याआधी हे वाचा

आमचे तीन कॉइलचे विद्युतचुंबकीय प्रक्षेपक किट घेतल्याबद्दल आभार. डब्यातली जोडणीची आकृती वेगळी आहे. हे पत्रक त्या आकृतीत प्रत्येक भाग का आहे ते सांगण्यासाठी आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात किंवा डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत नेमके तेच विचारतात.

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो, "कॉइल वेळेवर चालू कशी करायची?" आमच्या मते खरा प्रश्न ती वेळेवर बंद कशी करायची हा आहे. प्रवाह वाहू लागला की कॉइल लोखंडी कांडीला आपल्या मध्याकडे ओढते. कांडी मध्य ओलांडून पुढे गेली तरी ओढ मध्याकडेच राहते, म्हणजे आता उलट्या दिशेने. मिळवलेला वेग कॉइल स्वतःच परत घेते. चालू करायला जरा उशीर झाला तर थोडे नुकसान होते. बंद करायला उशीर झाला तर कांडी नळीतच डुलत थांबते.

त्यातून कॉइलचा प्रवाह एका क्षणात थांबत नाही. किटमधल्या कॉइलचा रोध १.२ ओहम आहे आणि कांडी आत असताना इंडक्टन्स (प्रवाह बदलायला कॉइल करते तो विरोध) साधारण १.२ मिलिहेन्री धरा. २४ व्होल्टवर प्रवाह जास्तीत जास्त २० अँपिअर होतो. कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे मॉस्फेट. तो बंद झाला की हा प्रवाह वाट शोधतो. वाट दिली नाही तर व्होल्टेज चढत जाते आणि मॉस्फेट फुटतो. म्हणून कॉइलला समांतर उलटा डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) लावतात, इतके बहुतेकांना माहीत असते. पण नुसता डायोड लावला की प्रवाह कॉइलमध्येच रेंगाळत फिरतो. इंडक्टन्स भागिले रोध म्हणजे १ मिलिसेकंद, आणि प्रवाह ५ टक्क्यांवर यायला त्याच्या तिप्पट, ३ मिलिसेकंद लागतात. कांडी सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल तर तेवढ्यात ती १५ मिमी पुढे सरकते. आपली कॉइल ३० मिमी लांब आहे. म्हणजे मध्यावर बंद केलेली कॉइल कांडी पार दुसऱ्या तोंडाशी येईपर्यंत मागे ओढत राहणार.

उपाय सोपा आहे. डायोडच्या ओळीत २.४ ओहमचा रोध टाका. एकूण रोध ३.६ ओहम झाला की तोच प्रवाह एकतृतीयांश वेळात विरतो. याची किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते: मॉस्फेटच्या ड्रेनवर (कॉइलला जोडलेल्या टोकावर) २४ अधिक २० गुणिले २.४, आणि डायोडचा एखादा व्होल्ट, म्हणजे सुमारे ७३ व्होल्ट येतात. यासाठीच किटमध्ये १०० व्होल्टचा आयआरएफ-५४०एन हा मॉस्फेट दिला आहे. बाजारात स्वस्तात मिळणारा आयआरएफझेड-४४एन प्रवाह जास्त पेलतो, पण तो ५५ व्होल्टचाच आहे. अदलाबदल करू नका. डायोड १एन५४०८ आहे, कारण त्याला २०० अँपिअरचा क्षणिक झटका सोसतो. १एन४००७ ची मर्यादा ३० अँपिअर आहे. कधीतरी चालेल, पण आम्ही तो देणार नाही.

"मॉस्फेटऐवजी एससीआर लावला तर?" असेही विचारले जाते. एससीआर हाही इलेक्ट्रॉनिक स्विचच, पण तो गेटने (संकेत देण्याच्या टोकाने) चालू होतो, गेटने बंद होत नाही. बॅटरीवर तो एकदा लागला की लागलेलाच राहील आणि कॉइल जळेल.

प्रवाह तोडणे किती अवघड असते याची एक जुनी आठवण. नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्कलंड यांनी १९०३ साली क्रिस्टियानिया, म्हणजे आजच्या ओस्लोच्या विद्यापीठात आपली विद्युतचुंबकीय तोफ लोकांसमोर दाखवली. शॉर्ट सर्किट होऊन भर सभागृहात ज्वाळेसारखा आर्क उठला आणि प्रयोग फसला. पुढे त्यांनी विजेच्या आर्कनेच हवेतला नायट्रोजन खतासाठी बांधायची पद्धत सॅम एइड यांच्याबरोबर काढली आणि १९०५ मध्ये त्यातून नॉर्स्क हायड्रो कंपनी उभी राहिली.

आता सेन्सर. नळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर भोके आहेत. एकात ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्यात तो किरण ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर. कांडीचे नाक किरणात आले की कॉइल चालू, शेपूट बाहेर पडले की बंद. म्हणजे वेळ मोजणारे घड्याळ कांडीची लांबीच आहे. वेग कमी असो वा जास्त, कॉइल बंद होते ती कांडी ठरावीक ठिकाणी आल्यावरच. आम्हाला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण यात प्रोग्रॅम लिहावा लागत नाही.

गणित असे. कांडी ४० मिमी. शेपूट किरणातून सुटते तेव्हा कांडीचा मध्य किरणापासून २० मिमी पुढे असतो. हा मध्य कॉइलच्या मध्यावर यायला हवा असेल तर किरण कॉइलच्या मध्यापासून २० मिमी मागे, म्हणजे तोंडापासून ५ मिमी अलीकडे हवा. पण प्रवाह विरायला वेळ लागतोच, म्हणून आणखी ४ मिमी मागे घेऊन ९ मिमीवर भोक पाडले आहे. कांडी स्वतः कापणार असाल तर लांबी बदलू नका. बदललीत तर भोकेही सरकवावी लागतील. आणि स्टेनलेसची सळई आणू नका. ३०४ ग्रेडला चुंबक ओढत नाही. साधे माइल्ड स्टील घ्या.

दोन कॉइलच्या मध्यांत ६० मिमी अंतर ठेवले आहे. कांडी त्याहून आखूड असल्याने एका वेळी दोन किरण अडत नाहीत.

फोटोट्रान्झिस्टरऐवजी एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रोध) चालणार नाही. त्याला प्रतिसाद द्यायला दहा-वीस मिलिसेकंद सहज लागतात, तोवर कांडी पुढची कॉइलही ओलांडून जाईल. चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या हॉल सेन्सरला कॉइलचेच क्षेत्र गोंधळात टाकते. फोटोट्रान्झिस्टरचा लोड रोध १ किलोओहम ठेवा. १० किलोओहमवर संकेत ठसठशीत दिसतो, पण मंदावतो. त्यापुढे एलएम-३९३ हा कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप आहे. त्याचे आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते फक्त खाली ओढते, स्वतः वर जात नाही. म्हणून पुल-अप रोधाशिवाय (व्होल्टेज वर ओढणाऱ्या रोधाशिवाय) काहीच दिसणार नाही. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असते, त्यामुळे मैदानावरच्या मांडवात सेन्सर आंधळा होतो. नळीवर काळी टेप गुंडाळा. एलईडी लागला आहे का ते डोळ्यांना दिसत नाही, पण बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यात फिकट जांभळा ठिपका दिसतो.

कांडी किरणातच अडकली तर काय? २४ व्होल्ट, २० अँपिअर म्हणजे ४८० वॅट. एवढ्याशा कॉइलला ते काही सेकंदांपलीकडे झेपत नाही. एलईडी जळाला किंवा वायर सुटली तरी सर्किटला कांडी आल्यासारखेच वाटते. म्हणून प्रत्येक कॉइलला ५५५ या टायमर चिपची वेळमर्यादा आहे. किरण तुटलेला असेल आणि ५५५ ची मुदतही चालू असेल, या दोन्ही अटी ७४एचसी०८ या लॉजिक चिपमध्ये जुळल्या तरच कॉइल चालते. मुदत १.१ गुणिले रोध गुणिले कपॅसिटर. कपॅसिटर सगळीकडे १ मायक्रोफॅरड आहे. पहिल्या कॉइलला ६८ किलोओहम, म्हणजे सुमारे ७५ मिलिसेकंद, कारण बोटाने ढकललेली कांडी तिथे सावकाश येते. दुसरीला १५ आणि तिसरीला १० किलोओहम, म्हणजे अनुक्रमे १६.५ आणि ११ मिलिसेकंद. हे रोध एकमेकांच्या जागी लावले तर पहिली कॉइल अर्ध्यातच सोडून देते.

५५५ च्या ट्रिगरवर (मुदत सुरू करणाऱ्या पिनवर) १० नॅनोफॅरडचा छोटा कपॅसिटर आहे. तो काही ग्राहक "कशाला हवा" म्हणून गाळतात. ट्रिगर खाली दाबून धरला तर मुदत संपली तरी ५५५ चे आउटपुट चालूच राहते, आणि सगळी सुरक्षितता फुकट जाते. हा कपॅसिटर फक्त किरण तुटण्याचा क्षण पुढे पाठवतो.

मॉस्फेटला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. अर्डुइनोसारख्या प्रोग्रॅमच्या बोर्डाच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. म्हणून मध्ये गेटला पुरेसे व्होल्टेज देणारी टीसी-४४२७ ड्रायव्हर चिप आहे, तिला १२ व्होल्ट द्या. २४ दिलेत तर ड्रायव्हर आणि गेट दोन्ही जातील. गेट ते सोर्स (मॉस्फेटचे ग्राउंडकडचे टोक) १० किलोओहमचा रोध लावायलाच हवा.

कॉइलची ग्राउंड वायर आणि सेन्सरची ग्राउंड वायर बॅटरीच्या टोकाशीच एकत्र करा, वाटेत नको. २० अँपिअर ज्या वायरमधून जातात तिच्यावर सेन्सर टांगला की तिसरी कॉइल दुसरीबरोबरच चालू होते, आणि मग दोष सेन्सरला दिला जातो.

पहिली चाचणी कॉइल न जोडता घ्या. तिच्या जागी साधा एलईडी आणि २.२ किलोओहम लावा. कांडी हाताने पुढे सरकवा. प्रत्येक ठिकाणी एकच झटका दिसला पाहिजे. कांडी किरणात धरून ठेवलीत तर एलईडी आपोआप विझला पाहिजे. विझला नाही तर कॉइल जोडू नका. बॅटरीजवळ १० अँपिअरचा गाडीत वापरतात तसा ब्लेड फ्यूज आहे. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या शॉर्ट झाल्या तर वायर लाल होते, म्हणून फ्यूज काढून तार बांधू नका.

कांडी ९ ग्रॅमच्या आसपास आहे आणि सेकंदाला ५ मीटर हा तिचा अपेक्षित वेग आहे. तरी समोर जुना टॉवेल भरलेला खोका ठेवा, नळी कोणाच्या तोंडाकडे धरू नका, आणि मुले असतील तर मोठ्या माणसाने जवळ थांबावे. वेग वाढवायला कॅमेरा फ्लॅशचे ३०० व्होल्टचे कपॅसिटर मागायला लोक येतात. ते आम्ही या किटसाठी देत नाही, आकृतीही सांगत नाही. ते बंद केल्यावरही भरलेले राहतात आणि जीव घेऊ शकतात.

किट चाललेच नाही तर सर्किट आणि कांडी दोन्ही घेऊन या. येण्याआधी मल्टीमीटरने तिन्ही कॉइलचा रोध मोजून पत्रकाच्या मागे लिहा. एखादी १ ओहमच्या खाली दाखवत असेल तर वायरचे इनॅमल सोलले गेले असणार. ती कॉइल आम्ही बदलून देऊ.