नॉर्वेची मीनाकारी बकले आणि त्यांचा काळ: एक पार्श्वभूमी

स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या, कंबरपट्ट्याच्या चांदीच्या जुन्या बकलांपैकी ज्यांवर रंगीत मीना चढवलेला असतो, ती बहुतांशी नॉर्वेची निघतात; आणि पंचाईत अशी की, याच देशाच्या चांदीवर घडणीचे वर्ष सांगणारा शिक्का नसतो. स्वीडनच्या वस्तूबाबत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तेथे १७५९ पासून वर्षाक्षरांची चक्रे अखंड चालू राहिली, प्रत्येक चक्र चोवीस वर्षांचे आणि अक्षरापुढे चक्राचा आकडा, त्यामुळे ‘एफ ७’ असा छाप दिसला की १९०८ आणि ‘एफ ८’ दिसला की १९३२ असे सरळ वाचता येते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या तीन बुरुजांच्या शिक्क्याखाली सालाचे शेवटचे दोन आकडे असत आणि सोबत सरकारी तपासनिसाची खूण असे. क्रिश्चन हाइसे यांची खूण १९०४ ते १९३२ या काळातली. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी डॅनिश कारागिरांचा ओढा मीन्यापेक्षा अंबर, अकीक यांसारख्या खड्यांकडे अधिक होता. मोगेन्स बालिन यांच्या कार्यशाळेत बकले घडत, तेथेच काम केलेल्या गेऑर्ग येन्सेन यांनी १९०४ मध्ये स्वतःचे दुकान थाटले, आणि त्यांच्या दागिन्यांवरही रंग येतो तो प्रामुख्याने खड्यांचा.

नॉर्वेच्या बकलाचा काळ म्हणूनच आडवाटेने ठरवावा लागतो. पहिला आधार कसाचा. पूर्वी नॉर्वेत चांदीचा कस ‘लोड’ या मापात सांगत. सोळा लोड म्हणजे शुद्ध चांदी आणि सव्वातेरा लोड म्हणजे हजारात सुमारे ८२८ भाग. १८९१ च्या कायद्याने हजाराच्या हिशेबातील ८३० हा किमान कस ठरला आणि वस्तूंवर ‘८३० एस’ (‘एस’ म्हणजे चांदी) असा छाप उमटू लागला. सव्वातेराचा आकडा असलेली वस्तू त्यामुळे साधारणपणे या बदलाच्या आधीची मानतात, आणि ‘८३० एस’ असलेली नंतरची. मात्र पुढची मर्यादा या छापावरून मिळत नाही, कारण तो पुढे अनेक दशके वापरात राहिला. विक्रेते ‘८३० म्हणजे १९०० च्या आसपासचे’ असे सर्रास सांगतात. त्यात इतिहास थोडा आणि उत्साह फार असतो.

मीनाकारीच्या बाबतीत कसाचा प्रश्न आणखी एका अंगाने महत्त्वाचा ठरतो. मीना म्हणजे रंगीत काचेची भुकटी. ती धातूवर पसरून साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सियसच्या भट्टीत काही मिनिटे ठेवली की वितळून चिकटते. चांदीत तांब्याचे हीण जास्त असेल तर मिश्रधातू ७८० अंशांच्या आसपासच वितळू लागतो, म्हणजे मीना बसण्याच्या आणि बकल ढासळण्याच्या तापमानात अंतर फारच थोडे उरते. त्यातच तांब्याचा ऑक्साइड पृष्ठभागावर येऊन पारदर्शक रंग मळकट करतो. म्हणून मीनाकारी वस्तूंसाठी अधिक शुद्ध चांदी वापरण्याकडे कल होता, आणि बर्गेन व ख्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) येथील अशा वस्तूंवर ‘९२५ एस’ किंवा ‘९३० एस’ हे छाप वरचेवर दिसतात. ९३० हा आकडा पाहून शंका घेण्याचे कारण नाही. मीनाकारी वस्तूवर तो उलट जागच्या जागी आहे.

दुसरा आधार गावाच्या नावाचा. राजधानीचे नाव ‘ख्रिस्तियानिया’ असे ‘सीएच’ने लिहीत, सरकारी कारभारात १८७७ पासून आणि महापालिकेकडून १८९७ पासून ते ‘के’ने लिहिले जाऊ लागले, पण व्यापाऱ्यांनी जुने लेखन लगेच सोडले असे नाही. १ जानेवारी १९२५ रोजी शहराचे नाव ऑस्लो झाले. म्हणजे ‘ऑस्लो’ असा छाप ही खंबीर सीमा आहे, तर आद्याक्षराचा फरक हा केवळ इशारा आहे. ‘नॉर्वे’ हे देशाचे नाव इंग्रजीत कोरलेले असेल तर वस्तू परदेशी गिऱ्हाइकासाठी घडवली असावी असे मानायला जागा मिळते, कारण अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर तेथे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे आवश्यक झाले होते.

परदेशी गिऱ्हाइकाचा उल्लेख येथे ओघाने आलेला नाही; या कलेची भरभराट त्याच्यामुळेच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, पाहायला ब्रिटिश प्रवासी येऊ लागले होते, आणि जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १८८९ पासून १९१४ पर्यंत जवळजवळ दर उन्हाळ्यात या किनाऱ्यावर जहाज घेऊन येत असे. त्याच सुमारास देशाला आपल्या प्राचीनतेचे नवे भान आले होते. १८८० मध्ये गोकस्टाड येथे आणि १९०४ मध्ये ओसेबर्ग येथे व्हायकिंग जहाजे उत्खननात सापडली, १९०५ मध्ये स्वीडनबरोबरचे संयुक्त राज्य संपुष्टात आले, आणि एकमेकांत गुंतलेल्या सर्पाकृती प्राण्यांची ‘ड्रॅगन शैली’ लाकूडकामापासून चांदीपर्यंत पसरली. बकलावर अशी गुंफण असेल तर ते व्हायकिंग काळाचे नव्हे, त्या काळाच्या आठवणीचे असते. खरे ग्रामीण दागिने, म्हणजे लोंबत्या चकत्यांचे ‘सोल्ये’ नावाचे ब्रोच आणि पत्र्यांचे कमरपट्टे, बहुधा सोनेरी मुलाम्याचे आणि तारकामाचे असत. रंगीत मीना हे मुख्यतः शहरातल्या कार्यशाळांचे काम.

त्या कार्यशाळांत तीन नावे वारंवार येतात. याकोब टोस्ट्रुप यांची पेढी १८३२ ची. पुढे वास्तुरचनाकार टोरोल्फ प्रिट्झ यांनी तिच्यासाठी, मागे पत्रा नसलेल्या आणि रंगीत काचेच्या खिडकीसारखा उजेड आरपार सोडणाऱ्या मीनाकामाची भांडी रचली. डाव्हिड अँडरसन यांनी ख्रिस्तियानियात १८७६ मध्ये व्यवसाय सुरू केला आणि १९०१ मध्ये तो पुत्र आर्थर यांच्याकडे गेला. बोहेमियातून आलेले गुस्ताव गाउडरनाक १८९२ पासून १९१० पर्यंत या पेढीचे रचनाकार होते. बर्गेनमध्ये मारियुस हामर यांची पेढी १८७१ पासून १९३० पर्यंत चालली. तिची खूण म्हणजे ‘एम’ अक्षरातून आडवा गेलेला हातोडा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेच्या मीनाकामाची युरोपभर वाखाणणी झाली. नंतरच्या दशकांत इतरही कार्यशाळा पुढे आल्या, पण कंबरेच्या बकलांची त्यांची घडण तुलनेने विरळ आहे.

याचे कारण वेशभूषेत सापडते. १८९० ते १९१० या दरम्यान ब्लाउज आणि घोळदार स्कर्ट असा पोशाख रूढ होता आणि आवळलेल्या कंबरेवर रेशमी फितीचा पट्टा शोभे. बकल हा त्या पोशाखाचा दर्शनी दागिना होता. पुढे कंबररेषा सरकली आणि १९२० च्या दशकात ती नितंबांपर्यंत उतरली, तेव्हा बकलांची मागणी ओसरली आणि तेच कारागीर ब्रोचकडे वळले. दोन जोड भागांचे, मागे रुंद फितीसाठी आडवी पट्टी असलेले आणि आकडा कडीत अडकवून बंद होणारे बकल म्हणूनच बहुधा १९१४ च्या आधीचे निघते.

बकल उलटे करून पाहणे अर्थातच अनिवार्य. दोन्ही भागांवर छाप सारखे आहेत का, अडकवण्याचा आकडा मूळ घडणीचा आहे की नंतर डाख देऊन बसवला आहे, हे तेथेच कळते. शिशाच्या मऊ डाखेचा करडा ओघळ दिसला तर दुरुस्ती नंतरची, कारण मूळ जोड चांदीच्या डाखेचे असत. मीना टवका उडाल्यावर पुन्हा भट्टीत घालणे जोखमीचे असल्यामुळे पुष्कळदा तेथे थंड राळ भरली जाते. ती भिंगाखाली काचेसारखी कडक चमकत नाही, अतिनील प्रकाशात वेगळी उजळते आणि कडेला सुईचे टोक लावले तर ओरखडा पडतो. अर्थात दुसऱ्याच्या बकलावर हा सुईचा प्रयोग करू नये.

निळ्या पारदर्शक मीन्याखाली यंत्राने कोरलेल्या लहरी दिसतात, मागे हातोड्याचा ‘एम’ आणि ‘९३० एस’ आहे, आणि बाजूला बर्मिंगहॅमचा समभुज त्रिकोणही आहे, असे बकल हाती आले तर सगळे धागे एकत्र येतात. पेढीची खूण १८७१ ते १९३० ही बाहेरची चौकट देते, कस तिला १८९१ च्या अलीकडे आणतो, आणि त्रिकोण १९०४ च्या अलीकडे, कारण आयात चांदीसाठीचे हे चिन्ह बर्मिंगहॅमने त्या वर्षापासून वापरले. इंग्लंडचे आयात शिक्के वर्षाक्षरासह मारले जात, त्यामुळे मायदेशी मुका राहिलेला हा दागिना परदेशी जकातीच्या वाटेवर साल मिळवून बसतो. मात्र ते साल बर्मिंगहॅममधील तपासणीचे असते. बर्गेनमध्ये बकल त्याआधी किती काळ दुकानाच्या कपाटात पडून होते, याचा छडा त्या अक्षरावरून लागत नाही.